कळपाचा पत्ता

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

राधेश्याम सरांनी आज एक काम दिलं, आणि देताना पहिल्यांदाच "जमेल का तुला?" असं विचारलं नाही. त्या खुशीत कोपऱ्यावरच्या दुकानातून ही वही घेतली. ऑफिसच्या कागदावर जे लिहायचं ते तिथं लिहीन. मला काय वाटतंय ते इथं.

आमचं 'कळप' नावाचं वेबॲप आहे, मेंढ्या पाळणाऱ्यांच्या एका संघासाठी बनवलेलं. कुणाकडे किती मेंढ्या, कोणती लस कधी टोचली, पुढचं शिबिर कुठं, हे त्यात दिसतं. फोनवर लिंक येते, ती दाबली की आपल्या कळपाचं पान उघडतं. चार वर्षांत ते बऱ्याच हातांतून गेलं. शेवटी अंगददादा बघायचा, तो ऑगस्टमध्ये पुण्याला गेला. आता आकांक्षा आणि मी. जानेवारीत दोन नवीन मुली येणार आहेत.

सर म्हणाले, "त्या पोरींनी पहिल्या दिवशी विचारलं, नवी फाईल कुठं ठेवू, तर तू एक सांगशील, आकांक्षा दुसरंच सांगेल. मी तिसरं. म्हणून नियम लिहून काढ. बटणं-कार्डं कशी बनवायची, नावं कशी द्यायची, पानांचे पत्ते कसे असावेत. सगळं."

"आणि जुन्या कोडचं काय?"

"तो बी नियमात बसव. शिबिराच्या आधी झालं पाहिजे."

दीड वर्ष झालं, जालन्यात भोकरदन नाक्याजवळ या बियाण्याच्या दुकानाच्या डोक्यावर बसून मी दुसऱ्यांच्या चुका निस्तरतेय. आता नियम माझे!

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज दिवसभर फक्त बटणं मोजली.

पानावरची जी वस्तू पुन्हा पुन्हा लागते, बटण म्हणा, कार्ड म्हणा, तारखेचा रकाना म्हणा, ती एकदाच बनवायची आणि पाहिजे तिथं नेऊन बसवायची. तिला आम्ही कंपोनेंट म्हणतो. म्हणजे बटण एक असायला पाहिजे. आमच्याकडे अकरा निघाली. त्यांतली चार आकांक्षाची: नवंबटण, नवंबटण-दोन, शेवटचंबटण आणि शेवटचंबटण-खरं.

मी तिला हसत हसत दाखवलं. ती हसली नाही. "दाबलं की चालतंय न ते? मंग?"

"चालतंय. पण उद्या रंग बदलायचा म्हटलं तर अकरा ठिकाणी बदलावा लागेल."

"चार वर्षांत कोण म्हणलं रंग बदला?"

तरी मला वाटतं मीच बरोबर आहे. अकराची दोन केली. एक हिरवं, एक पांढरं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

कळपाचं कार्ड. त्यावर मेंढीचा फोटो, मालकाचं नाव, मेंढ्यांची संख्या आणि खाली 'उघडा' हे बटण. अंगददादाने काय केलं होतं, तर अख्खं कार्डच दाबता येत होतं. फोटोवर बोट ठेवा, नावावर ठेवा, कुठंही ठेवा, पान उघडतंच. मग बटण कशासाठी? अशी घिसाडघाई मला आवडत नाही. नियम लिहिला: दाबायची जागा एकच, आणि ती बटणासारखी दिसली पाहिजे. कार्ड त्याप्रमाणे नव्याने बनवलं. कोड निम्म्यावर आला.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पत्ते. या कामात सगळ्यात जास्त मजा इथं आहे.

प्रत्येक पानाला ब्राउझरमध्ये एक पत्ता असतो. तो वाचूनच पान कशाचं ते कळलं पाहिजे. आमच्याकडे तीन तऱ्हा होत्या. कुठं आधी मालक मग गाव, कुठं आधी गाव मग मालक, कुठं नुसताच आकडा. मी ठरवलं: तालुका, गाव, मालक, आणि मग काय बघायचंय ते. भोकरदन, हसनाबाद, राधाकिसन, लस. पोस्टकार्डावरच्या पत्त्यासारखं. कुणीही वाचावं आणि समजावं. लिहून झाल्यावर मी ते मोठ्याने वाचलं, इतकं छान वाटलं.

तेवढ्यात एक विचित्र फाईल सापडली. नाव 'जुने रस्ते'. दोनशे चौदा ओळी, आणि प्रत्येक ओळीत एवढंच: हा पत्ता आला तर त्या पत्त्यावर पाठव. त्यांतले बरेचसे पत्ते आता ॲपमध्ये कुठंच नाहीत. फाईलच्या वर अंगददादाची एकच सूचना: "हात लावू नये."

आकांक्षा म्हणाली, "अंगदला फोन करून इचार."

"त्याला कशाला? तो गेला न." स्वतःला न समजलेल्या कोडवर सगळेच असं लिहून ठेवतात. मी पूर्ण ॲपमध्ये शोधलं. एकाही पानावर त्या जुन्या पत्त्यांची लिंक नाही. फाईल काढून टाकली. घर झाडून काढल्यावर कसं हलकं वाटतं, तसं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नवीन आवृत्ती सर्व्हरवर चढवली. साठ पानं एकेक करून उघडली, सगळी उघडतात. चुकीचा पत्ता आला तर दिसायचं पान आकांक्षाने बनवलंय. वाट चुकलेलं एक कोकरू, मान वाकडी करून बघतंय, आणि खाली "हे पान सापडलं नाही". इतकं गोड काढलंय की मी मुद्दाम चुकीचा पत्ता टाकून दोनदा बघितलं.

सरांनी नियमांची सोळा पानं चाळली आणि "सुरेख" म्हणाले. सर सहसा "ठीक" म्हणतात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

एक गोष्ट नोंदवून ठेवण्यासारखी. आकांक्षाच्या टेबलावर मदतीचा फोन असतो. त्याच्यावर रोज दहा-बारा फोन यायचे: पान कसं उघडू, लस कधी, आकडा चुकला. या आठवड्यात रोज एक किंवा दोन. काल तर एकही नाही.

सोप्या बटणांनी एवढा फरक पडेल असं मलाही वाटलं नव्हतं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, हे नियमांच्या पहिल्याच पानावर टाक. टाकलं.

३ डिसेंबर, बुधवार

रविवारी हसनाबादला लसीचं शिबिर आहे. पीपीआर म्हणून मेंढ्यांचा एक रोग असतो. ताप, नाकातून पाणी, हगवण, आणि पसरला तर अख्खं खांडवं, म्हणजे सगळा कळपच, आडवं. भोकरदनकडे एक-दोन ठिकाणी दिसलाय म्हणे. संघाचे डॉक्टर बद्रीनाथ यांचा सकाळी फोन होता. ॲपवर फक्त नऊ जणांनी 'येणार' नोंदवलंय. मागच्या वर्षी बावीस होते.

"नऊच कसे?" डॉक्टर विचारत होते. "लस मी नोंदीच्या हिशोबानं आणतो. बाटली एकदा कालवली की दोन-तीन तासांत संपवावी लागते."

सर म्हणाले, दिवाळी होऊन गेली, बरेच जण रानोमाळ निघून गेले असतील. मलाही ते पटलं. आकांक्षा मात्र म्हणाली, "ते कोकराचं पान लई उघडून राह्यलं बरं. आठवड्यात चारशे वेळा."

"बॉट असतील," मी म्हणाले. "परदेशातून मशिनी असल्या साइटा चाचपत असतात."

रविवारी मीही जाणार आहे. आपण बनवलेली गोष्ट खऱ्या माणसांच्या हातात कशी दिसते ते अजून एकदाही बघितलेलं नाही. माझे आजोबा मेंढ्यांमागे फिरायचे, पण बाबा अंकुशनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर लागले आणि मी तिथंच वाढले. मेंढी मी रस्त्यावरूनच बघितलेली.

७ डिसेंबर, रविवार

कसं लिहू.

सकाळी आठला हसनाबादला पोचले, तेव्हा गावाबाहेरच्या माळावर मेंढ्याच मेंढ्या होत्या. नऊ कळप नाहीत, चोवीस. एकमेकांना सांगून सांगून लोक आले होते. डॉक्टरांनी जादा धरून पंधराशे मेंढ्यांची लस आणली होती. मेंढ्या होत्या तीन हजारांच्या घरात.

लोक डॉक्टरांना बोलायला लागले. डॉक्टर म्हणाले, "मी काय करू? तुम्ही नोंदच केली न्हाई." एक जण म्हणाला, "कशावर करावं? संघ बंद पडला म्हणत्यात." मला काहीच समजेना.

रांगेत मागे एक बाई उभी होती. पन्नाशीची असेल, डोक्यावर पदर, हातात काठी, आणि दोन कुत्री तिच्या आवाजावर अख्खा कळप धरून होती. मी तिला म्हणाले, "मावशी, तुम्ही ॲपवर नोंद केली नव्हती का? दाखवता का मला फोन?"

तिने पोलक्यातून फोन काढला. व्हॉट्सॲपमध्ये सगळ्यात वर एक मेसेज पिन करून ठेवलेला. दोन वर्षांपूर्वीचा. त्यातली लिंक तिने न बघता दाबली, सवयीने. आणि स्क्रीनवर आमचं कोकरू आलं, मान वाकडी करून.

"हेच येतंय बघ," ती म्हणाली. "दोन-तीन हप्ते झाले. मला वाटलं, औंदा शिबिर निस्तं कोकरांचं हाय. मंग शेजारचा बोलला की समद्यांचंच हाय, तवा आले."

मी आजूबाजूच्या पाच-सहा जणांचे फोन बघितले. सगळीकडे तोच जुना मेसेज, तेच कोकरू. संघाचे साहेबराव दर शिबिराला नवा मेसेज लिहीत नाहीत. तोच जुना मेसेज, वर तारीख टाकून, पुढे ढकलतात. आत्ताही तसंच केलेलं.

आणि मदतीचा नंबर कुठं होता? कळपाच्या पानावर, अगदी तळाशी. ते पानच उघडत नसेल तर फोन कुठून येणार? मी फोन येत नाहीत म्हणून पेढे वाटायचीच बाकी होते.

त्या मावशींना माझ्या फोनवर त्यांच्या कळपाचं कार्ड काढून दिलं, निदान आता तरी नोंद व्हावी म्हणून. त्या मेंढीच्या फोटोवर बोट दाबत राहिल्या. काहीच होईना. "बिघडला का गं?" म्हणाल्या. खाली माझं हिरवं बटण होतं, 'उघडा' लिहिलेलं. त्यांना वाचता येत नाही.

दुपारी एकला लस संपली. त्यांचं नाव साखराबाई. मेंढ्या एकशे अडतीस. एकीलाही टोचली गेली नाही. उद्या पहाटे त्या दक्षिणेला निघणार, शहागडकडे, दरवर्षीच्या वाटेने. थांबा म्हणायला तोंड नव्हतं, आणि थांबून खाणार काय मेंढ्या.

त्यांना मी अजून सांगितलेलं नाही की हे मी केलं.

८ डिसेंबर, सोमवार

ऑफिसात जाण्याआधीच जिन्यात उभं राहून अंगददादाला फोन लावला. मी अर्ध्यात असतानाच तो म्हणाला, "जुने रस्ते काढलीस का?"

"हो."

तो म्हणाला, "मी पण आल्या आल्या पत्ते बदलल्ते. असंच झाल्तं. लोकांच्या फोनात गेलेली लिंक आपली राहत न्हाई शिवकन्या, ती त्यांची होते. म्हणून ती फाईल केल्ती."

मला राग आला. "मग तसं लिहायचं होतंस की! नुसतं हात लावू नये लिहिलंस."

"हां," तो म्हणाला. "कारण लिहायला पाहिजे होतं. ते माझं चुकलं."

त्याने असं पटकन कबूल केलं आणि माझा राग कुठं ठेवावा तेच कळेना.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरांना अन् संघाला मी सांगू का तू सांगशील?"

"मी सांगते."

साहेबराव फोनवर खूप बोलले. ऐकून घेतलं. डॉक्टर कमी बोलले, ते जास्त लागलं. "नवा साठा सोळा तारखेपर्यंत येईल," म्हणाले. "तवर ते कळप कुठं कुठं असतील, ते तेवढं मला काढून द्या."

फाईल जुन्या नोंदींतून परत आणायला चार मिनिटं लागली. ती नाही हे कळायला सतरा दिवस.

९ डिसेंबर, मंगळवार

आकांक्षा आणि मी दिवसभर एकाच टेबलावर. ती जुना पत्ता वाचते, मी तो नव्या पानाला जोडते, ती तिच्या फोनवर उघडून बघते. दोनशे चौदा. वर कोकराच्या पानावर मदतीचा नंबर टाकला, ठळक. आणि कार्ड पुन्हा होतं तसं केलं: कुठंही दाबा, उघडेल.

ती एकदाही "मी सांगितलं होतं" म्हणाली नाही. मी वाट बघत होते.

११ डिसेंबर, गुरुवार

कालपासून फोन वाजतोय. आज एकोणीस. प्रत्येक वेळी रिंग वाजली की इतकं बरं वाटतं.

साखराबाईंचाही आला. "उघडलं गं तुझं." त्या जालन्याच्या खाली, अंबडच्या वाटेला, कापूस उपटलेल्या एका रानात बसल्यात. तेव्हा मी त्यांना सांगितलं. की लिंक मी मोडली होती, माझ्यामुळे त्यांच्या मेंढ्या राहिल्या. पलीकडे कुत्रं भुंकत होतं, मेंढ्या ओरडत होत्या. त्या म्हणाल्या, "दोन मेंढरं शिंकून राह्यलेत कालपासून. तुह्या डाक्टरला जल्दी यायला सांग."

एवढंच.

१७ डिसेंबर, बुधवार

डॉक्टरांबरोबर जीपमध्ये गेले. वाटेत अंकुशनगरला बाबा चढले. मी फोनवर सहज सांगितलं होतं, तर त्यांनी रजाच टाकली. "एवढ्या मेंढ्या धरणार कोण?" म्हणाले.

शहागडच्या अलीकडे हायवेपासून आत, उसाच्या पट्ट्यापलीकडे साखराबाईंचा मुक्काम. जाळीचं कुंपण, त्याला त्या वाघर म्हणतात, त्यात सगळ्या मेंढ्या कोंडलेल्या. सहा वेगळ्या बांधलेल्या, माना खाली टाकून, नाकाला फेस. डॉक्टरांनी त्यांना हात लावून बघितलं आणि लस दिली नाही. आजारी जनावराला देत नाहीत. औषध दिलं. बाकी एकशे बत्तीस टोचल्या.

बाबांनी बूट काढले, पँट वर दुमडली आणि वाघरीत शिरले. डाव्या हाताने गळा, उजव्या गुडघ्याने कूस, मेंढी जागची हलत नव्हती. एक सोडली की दुसरी. मी चोवीस वर्षांत बाबांना असं कधी बघितलं नव्हतं. साखराबाई त्यांना म्हणाल्या, "कोण गावचं म्हणायचं? हात जुना दिसतो." बाबांनी आजोबांचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग बराबर."

दुपारी भाकरी खाताना मी माझा प्रश्न काढला. नऊ दिवसांपासून डोक्यात घोळतोय. पत्त्यात गाव नसेल तर काय असावं? "मावशी, तुमचा कळप कुणी ओळखायचा म्हटलं तर कसा ओळखणार? आम्ही तुम्हाला हसनाबादचं लिहिलंय."

त्या हसल्या. "दिवाळीला निघालं की जेठाला परत. औंदा शिबिरापायी थांबले तेवढीच. आठ म्हयने मी कुठं हसनाबादात असते?"

"मग मालकाच्या नावावरून?"

"मालक बी बदलतो. इकली, वाटणी झाली, पोरीच्या लग्नात दिली." त्यांनी एक मेंढी ओढली आणि तिचा कान माझ्यासमोर धरला. कडेला दोन बारीक चिरा. "ही आमची खूण. जन्मल्याबरोबर पाडतो. कुठं बी गेली, कोनाची बी झाली, तं खूण तीच राहती. गर्दीत मिसळली तं कान बघायचा. तोंड न्हाई बघायचं, गाव न्हाई इचारायचं."

मी तो कान कितीतरी वेळ हातात धरून बघत होते. माझ्या सोळा पानांत हे नव्हतं.

२४ डिसेंबर, बुधवार

सहातल्या चार गेल्या. दोन खायला लागल्यात. नवीन कुठली आजारी नाही.

डॉक्टरांना विचारलं, सात तारखेला लस मिळाली असती तर त्या वाचल्या असत्या का. ते म्हणाले, "सांगता येत न्हाई. लस अंगात मुरायला दहा-बारा दिवस लागतात. रोग आधीच शिरलेला असंल तं गेल्याच असत्या." मी म्हणाले, आणि शिरलेला नसेल तर? ते म्हणाले, "तं वाचल्या असत्या."

दोन्ही इथं लिहून ठेवते.

२९ डिसेंबर, सोमवार

नियम नव्याने लिहिले. सोळाची सात पानं झाली.

कळपाचा पत्ता म्हणजे कळपाचा क्रमांक, बाकी काही नाही. तालुका नाही, गाव नाही, मालक नाही. वाचून काहीच कळत नाही, दिसायला अगदी रूक्ष. पण जे बदलतं ते पत्त्यात घालायचं नाही. एकदा बाहेर गेलेला पत्ता कधीच मारायचा नाही, नवा केला तर जुना त्याला जोडायचा. ज्या ओळीला हात लावू नये असं वाटतं तिच्याशेजारी का, ते लिहायचं, नाव आणि तारखेसकट. बटणावर अक्षरं आहेत म्हणून ते सगळ्यांना दिसतं असं धरायचं नाही. कुठलाही कंपोनेंट बदलण्याआधी तो वापरणाऱ्या एका माणसासमोर बसायचं.

फोन कमी आल्याचं पहिल्या पानावरचं वाक्य काढून टाकलं.

सरांनी वाचलं. "ठीक," म्हणाले.

४ जानेवारी २०२६, रविवार

घरी आले होते, तर साखराबाईंचा फोन. पुढच्या रविवारी, अकरा तारखेला, अंबडमध्ये संघाची सभा आहे. त्यांना तिथं बोलायचंय. पण साहेबरावांनी सांगितलं, नोंदलेल्या मालकालाच बोलता येतं. मालकाला पाठवा.

"मालक कोण आहे नोंदीत?"

"राधाकिसन. आमचे धनी."

"ते कुठं असतात?"

"तुमच्याकडंच. अंकुशनगरात वॉचमन हायेत. आठ वर्सं झाली."

बाबा ओळखत होते त्यांना. कारखान्याच्या गेटवर जाऊन आम्ही दोघं त्यांना भेटलो. साधा माणूस, स्वेटरवर गमचा गुंडाळलेला. मी म्हणाले, नोंद मावशींच्या नावावर करायची तर तुमची सही लागेल. मला वाटलं वाद घालतील. ते म्हणाले, "तिचीच हायत की मेंढरं. आठ वर्सांत म्या एक कोकरू धरलं न्हाई." मग सही करता करता थांबले. "पर तिनं मला इतके दिस सांगितलं काहून न्हाई?"

मला काय माहीत. मी म्हणाले, आधी कदाचित गरज पडली नसेल.

५ जानेवारी, सोमवार

नव्या पद्धतीची पहिली खरी परीक्षा. मालकाचं नाव बदललं: राधाकिसन काढून साखराबाई. क्रमांक तोच, पत्ता तोच. त्यांना फोन करून म्हणाले, तुमचा तो जुना मेसेज उघडा. नोव्हेंबरमधल्या माझ्या नियमाप्रमाणे, नाव बदलल्याबरोबर इथं परत कोकरू आलं असतं.

"उघडलं," त्या म्हणाल्या. "काय लिव्हलंय? वाचून दाखव."

मी माझ्या स्क्रीनवरून वाचलं. कळप क्रमांक दोनशे सात. मालक साखराबाई. मेंढ्या एकशे चौतीस.

"परत वाच."

परत वाचलं. तिसऱ्यांदाही. बहुतेक आवाज नीट जात नव्हता, त्या रानात रेंज कमी असते.

एकूण परीक्षा पास. आकांक्षाने नोंद केली.

११ जानेवारी, रविवार

सभेला आकांक्षा आणि मी मागे बसलो होतो. दीडशेक माणसं, बायका सहा. साहेबराव ॲपच्या यादीतून मालकांची नावं पुकारत होते आणि ज्याला बोलायचं तो हात वर करत होता. दोनशे सातला त्यांनी नाव वाचलं, थांबले, चष्मा सारखा केला आणि पुन्हा वाचलं. साखराबाई आधीच उभ्या होत्या.

त्या म्हणाल्या, "शिबिर डिसेंबरात कशाला घेता? तवा निम्मी मेंढरं वाटंवर असतात, अन् जे घरी हायेत त्यांनाच टोचून मिळती. दिवाळीच्या आधी घ्या. तवा समदे गावात असतात. माझी चार गेली."

कुणीतरी मागून म्हणालं, दिवाळीच्या आधी सोयाबीनची सुगी असते, माणसं मिळत नाहीत. त्या त्याच्याकडे वळल्या. "मेंढरं धराया तुह्या सुगीचा माणूस लागत न्हाई. आमचे आम्ही धरतो."

लोक हसले. डॉक्टर उठले आणि म्हणाले, त्या म्हणतात ते बरोबर आहे, लस मुरायलाही वेळ मिळेल. दहा मिनिटं गलका झाला, मग ठराव झाला. पुढचं शिबिर दिवाळीच्या पंधरा दिवस आधी.

साखराबाई सभेतून उठून मागे आमच्याकडे आल्या, दोघींच्या मध्ये बसल्या. पदराने तोंड पुसलं. जरा वेळाने माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "आवाज बराबर निघला का गं माझा?"

"बराबर निघला," मी म्हणाले. "पार शेवटपर्यंत आला."